रिव्ह्यूला ठरलेला फॉर्म असावा का? (एका खुर्चीवरून सुचलेला धागा)

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

मंडळी, घरून काम करतो म्हणून चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन एक खुर्ची मागवली. ४.३ स्टार, रिव्ह्यू हजाराच्या वर, म्हटलं एवढ्या लोकांना काय वेड लागलंय का, घेऊन टाकू. दोन महिने बरी चालली. मग खुर्ची बसायला लागली. म्हणजे मी बसतो ते सोडा, खुर्चीच बसते. सकाळी कोपर टेबलाच्या वर असतं आणि दुपार होईस्तोवर हनुवटी टेबलाला लागायची वेळ येते. खालचा तो गॅसचा दांडा असतो ना, तो वजन पेलत नाही, गुपचूप खाली सरकत राहतो. उठा, लिव्हर ओढा, वर करा, तासाभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

चिडून परवा रात्री तेच रिव्ह्यू परत वाचायला बसलो, यावेळी वही-पेन घेऊन. (बायको म्हणाली हे घ्यायच्या आधी करायचं असतं. मुद्दा मान्य.) पहिले दीडशे वाचले. निम्म्याच्या आसपास नुसते डिलिव्हरीवर. वेळेआधी आली, खोकं चेपलेलं होतं, आणून देणारा मुलगा नम्र होता. बावीस जणांनी "अजून जोडली नाहीये पण क्वालिटी एक नंबर दिसतेय" छापाचं लिहून पाच स्टार दिलेत, बहुतेक खोक्याला. रोज किती तास बसतात हे सांगणारे अकरा. स्वतःचं वजन किंवा उंची सांगणारे चार. आणि तीन महिने वापरून परत येऊन लिहिणाऱ्या एकच ताई, त्यांनी स्वच्छ लिहिलंय की दांडा खाली जातो. तो रिव्ह्यू सत्त्याण्णवावा होता. आणि त्यांनीसुद्धा तीन स्टार दिलेत, दिसायला ऐटबाज आहे म्हणून!

तर प्रश्न असा की सगळ्या साइट्सनी मिळून एकच ठरलेला फॉर्म का ठेवू नये? किती दिवस वापरलं, रोज किती वापरलं, काय बिघडलं, तक्रार केल्यावर कुणी दखल घेतली का, एवढे रकाने भरल्याशिवाय स्टार देताच येऊ नये. मोकळं लिहायला खाली जागा असू दे की. लिहा तुमची मतं, मी हळूहळू खाली जात वाचतोय.

निद्रानाश

"हळूहळू खाली जात" 😂 दंडवत घ्या.

+१ फॉर्मला. खोक्याला पाच स्टार देणारे लोक मला प्रत्यक्षात एकदा बघायचेत.

काड्यापेटी

आमचा विरोध नोंदवा. जगात फॉर्म कमी पडलेत म्हणून आता मत द्यायला पण फॉर्म? आणि तुम्हाला ज्या ताईंनी खरं सांगितलं त्यांनी ते फॉर्ममुळे सांगितलं का? मोकळ्या जागेतच सांगितलं ना. दीडशेत एक माणूस नीट लिहितो, तुमचा फॉर्म आला की तोही "टिकाऊपणा: ३/५" असं टिकमार्क करून निघून जाईल आणि तुम्हाला दांडा खाली जातो की पाठ मोडते हे कधीच कळणार नाही. तीन म्हणजे काय? काय तीन?

जुनं_खोड

धागाकर्ते, तुम्ही सांगताय त्याच्या बरोबर उलट दिशेला सगळे गेलेत हे लक्षात घ्या. युट्यूबवर पूर्वी पाच स्टार होते, २००९ मध्ये त्यांनीच सांगितलं की बहुतेक रेटिंग पाचचीच येतात, आवडलं तर पाच, क्वचित एक, मधलं कुणी देतच नाही, मग २०१० मध्ये सरळ अंगठा वर अंगठा खाली. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तेच केलं. ॲमेझॉनवर १९९५ पासून ग्राहकांचे रिव्ह्यू आहेत, पण २०१९ पासून एक अक्षर न लिहिता नुसता स्टार दाबता येतो. का? कारण जितकं कमी विचाराल तितके जास्त लोक उत्तर देतात आणि साइटला आकडा मोठा दिसायला हवा असतो, "हजाराच्या वर" हे वाचूनच तुम्ही खुर्ची घेतलीत ना? तुमचे चार रकाने सक्तीचे केले तर हजाराचे चाळीस होतील. ते चाळीस कदाचित जास्त कामाचे असतील पण चाळीसवाल्या साइटवर कोण फिरकणार.

आळशी_बोका

मी फॉर्म भरणार नाही. धन्यवाद.

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

@जुनं_खोड, चाळीस चालतील मला! दीडशे वाचून हाती एक लागला.

@काड्यापेटी, मी "टिकाऊपणा किती" असं विचारा म्हणतच नाहीये, "काय बिघडलं" असं विचारा म्हणतोय. दोन्हीत फरक आहे.

सातवी_ओळ

पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवतो म्हणून थोडं आतलं सांगतो. ठरलेला साचा ऑलरेडी आहे, फक्त तो तुम्हाला दिसत नाही. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग काढलं, त्यात रिव्ह्यू कसा लिहायचा याचे ठरलेले रकाने आहेत: कुणी लिहिला, कशाबद्दल, रेटिंग किती, जास्तीत जास्त किती देता येतं, कमीत कमी किती. काही सांगितलं नाही तर पाच आणि एक धरायचं. सर्चमध्ये नावाखाली पिवळे स्टार दिसतात ते बऱ्याचदा यातूनच येतात. लोक स्वतःच्याच साइटवर स्वतःच्याच धंद्याला स्टार चिकटवायला लागले तेव्हा २०१९ मध्ये गूगलने धंद्यांच्या बाबतीत ते दाखवणं बंद केलं, तो वेगळा किस्सा.

सांगायचा मुद्दा हा की आकड्याचा साचा एक झाला तरी आकड्याचा अर्थ एक होत नाही. गुडरीड्स या पुस्तकांच्या साइटवर दोन स्टारवर माउस नेला की "ठीक होतं" असं यायचं. दोन म्हणजे ठीक! बाकी कुठेही दोन स्टार म्हणजे घेऊ नका बाबा. बुकिंग डॉट कॉमचं तर भारीच होतं, दहापैकी गुण छापायचे पण पाहुण्याला विचारायचे चार चेहरे दाखवून, हसरा ते रडका, सहा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल, आणि सगळ्यात रडक्या चेहऱ्याचे गुण होते अडीच. म्हणजे सहाच्या सहा गोष्टी भिकार असल्या तरी अडीच मिळणारच, शून्य सोडा, एक पण कुणाला पडू शकत नव्हता. वाचणाऱ्याला वाटायचं पाच म्हणजे निम्मं बरं असेल. नंतर बदललं त्यांनी ते. पण तोवर सगळं फॉर्मप्रमाणेच चाललेलं, सगळ्यांना एकच फॉर्म.

काड्यापेटी

बघा! मी म्हणतच होतो.

सातवी_ओळ

अहो मी तुमच्या बाजूने नाही बोललो. त्याच बुकिंगच्या फॉर्ममधली एक गोष्ट मला फार आवडते, काय आवडलं आणि काय नाही आवडलं याच्या दोन वेगळ्या चौकटी. दहा गुण देणारा माणूसपण दुसऱ्या चौकटीत "लिफ्टचा रात्रभर आवाज" असं लिहून जातो. एकच चौकट असती तर नसतं लिहिलं त्याने, छान राहिलो म्हटल्यावर कुठे कुरकुर करायची.

मोजपट्टी

इथे थोडा पाल्हाळ लावते, सहन करा. मार्केट रिसर्चमध्ये बरीच वर्षं प्रश्नावल्या बनवल्यात.

एकाच गोष्टीचे पाच-सहा वेगळे स्टार मागितले की जास्त माहिती मिळते हा गैरसमज आहे. थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य सगळं वेगवेगळं विचारलेलं. निघालं काय, तर एकात चांगले गुण मिळाले की सगळ्यात चांगले, म्हणजे उंचपुरा गडी दिसला की तो हुशारही आणि सज्जनही. तेव्हापासून याला हेलो इफेक्ट म्हणतात (हेलो म्हणजे डोक्यामागची प्रभावळ). रिव्ह्यूत रोज दिसतं हे, माणूस आधी मनात ठरवतो "आवडलं" आणि मग सहाही ओळींत चार-चार-चार दाबत खाली येतो. मी कच्चा डेटा पाहिलाय, सरळ उभी रेघ असते चारच्या खाली चार. त्याला आमच्याकडे स्ट्रेटलायनिंग म्हणतात आणि असे फॉर्म आम्ही बाजूला काढतो. रिव्ह्यू साइटवर कोण काढणार?

त्यामुळे "काय बिघडलं" विचारा हे तिसरी_घंटा म्हणतायत ते बरोबर आहे, त्यांना कदाचित कळलंही नसेल किती बरोबर आहे. मत विचारलं की माणूस मूड सांगतो. रोज किती तास बसता विचारलं की आकडा सांगतो, थोडा चुकीचा सांगेल, पण मूड नाही सांगणार.

आणि दुसरं म्हणजे लिहितं कोण. २००९ मध्ये हू, पाव्हलू आणि झांग या तिघांनी ॲमेझॉनच्या रिव्ह्यूंवर लिहिलेलं, की आलेख काढला तर इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो, पाचवाल्यांचा डोंगर, एकवाल्यांचा लहान उंचवटा आणि मध्ये खड्डा. कारणं दोन, एक तर आवडेल असं वाटणाराच विकत घेतो, आणि दुसरं, घेतल्यावर खूप खूश किंवा खूप भडकलेलाच लिहितो. ठीकठाक वाटलं तो गप्प. आता गप्प बसलेला माणूस तुमचा फॉर्म कितीही सुंदर असला तरी भरणार नाहीये, त्यामुळे मधला खड्डा फॉर्मने बुजत नाही.

आळशी_बोका

गप्प बसलेला माणूस म्हणजे मी. ठीकठाक आहे माझं.

पेपर_तपासनीस

मोजपट्टीताई, मस्त प्रतिसाद. आमच्या क्षेत्रातला अनुभव जोडतो. संशोधनाचे पेपर तपासताना आम्हाला ठरलेला फॉर्मच असतो, सारांश लिहा, जमेच्या बाजू, उणिवा, गुण, आणि शेवटी एक रकाना मला फार प्रामाणिक वाटतो: तुम्हाला या विषयातलं कितपत कळतं? म्हणजे गुण देणाऱ्याने स्वतःलाही गुण द्यायचे. हा रकाना खुर्चीच्या रिव्ह्यूत आला तर काय बहार येईल, "आयुष्यातली पहिली ऑफिस चेअर" असं लिहिणाऱ्याचे पाच स्टार आपण त्या हिशोबाने घेऊ.

पण फॉर्मने एकमत होतं असं समजू नका. २०१४ मध्ये निप्स नावाच्या मशीन लर्निंगच्या मोठ्या कॉन्फरन्सने मुद्दाम १६६ पेपर दोन वेगळ्या समित्यांकडे दिले, फॉर्म तोच, नियम तेच, एकीला दुसरीचं माहीत नाही. साधारण चौथ्या हिश्शात निकाल उलटसुलट आला, एकीने घेतला, दुसरीने नाकारला. आणि हे सगळे तज्ज्ञ बरं का, खुर्ची घेणारे आपण तर हौशी. फॉर्ममुळे फायदा झाला तो इतकाच की दोघांचं नेमकं कुठे वाजलं ते दिसलं.

अर्धी_विकेट

विक्रेता आहे, नाव-गाव विचारू नका. छोटं दुकान, सगळं ऑनलाइन. तुम्ही सगळे ग्राहक म्हणून बोलताय, आमचंही ऐका जरा. माझ्या एक स्टारवाल्यांपैकी निम्मे कुरिअरला शिव्या घालणारे आहेत. पावसात खोकं भिजलं, एक स्टार. शेजाऱ्याकडे ठेवून गेला, एक स्टार. वस्तू कशी आहे? "वस्तू चांगली आहे." अरे मग!! तो एक माझ्या सरासरीत बसतो, आणि मायकल लुका यांचा येल्प या रिव्ह्यू साइटवरचा २०११ चा अभ्यास वाचला असेल तर माहीत असेल, एका पूर्ण स्टारने स्वतंत्र रेस्टॉरंटचं उत्पन्न पाच ते नऊ टक्के हलतं. आम्हा लहान लोकांचं ते नऊ टक्केच नफा असतो.

ईबेने २००७ मध्ये हे वेगळं केलं होतं, वर्णनाप्रमाणे आहे का, बोलणं कसं, पाठवायला किती वेळ, पाठवणावळ वाजवी का, असे चार वेगळे स्टार. ते आल्यावर निदान कशात मार पडतोय ते कळायचं. तर मी फॉर्मच्या बाजूने. डिलिव्हरीचा रकाना वेगळा करा, बाकी मला काही नको, वाटल्यास तुमच्या खुर्चीवाल्याला एक द्या, त्याला पाहिजेच.

जुनं_खोड

ईबेचा दाखला चांगला दिलात. त्यांचीच पुढची गोष्ट: २००८ मध्ये त्यांनी विक्रेत्यांना ग्राहकांबद्दल वाईट लिहायची सोय बंद केली, कारण तू मला वाईट दिलंस तर मी तुला देतो या भीतीने कुणी खरं बोलतच नव्हतं. एअरबीएनबीने २०१४ मध्ये वेगळी युक्ती काढली, यजमान आणि पाहुणा दोघांनी लिहीपर्यंत किंवा १४ दिवस संपेपर्यंत कुणाचंच उघड होत नाही. दोन्हीकडे फॉर्ममधला प्रश्न बदलला नाही, कधी दिसणार आणि कोण बोलू शकतो हे बदललं. मला वाटतं भानगड रकान्यांत नाही, घड्याळात आहे. खुर्ची पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मेल येतो "तुमचा अनुभव कसा होता?" अनुभव कसला, खोकं उघडायचंय अजून. तोच मेल नव्वद दिवसांनी पाठवा की.

निद्रानाश

घड्याळात आहे +१००. स्टीमवर गेम खेळणाऱ्यांना माहीत असेल, तिथे रिव्ह्यूच्या शेजारी तो माणूस किती तास खेळलाय ते आपोआप छापून येतं. स्टारबिर काही नाही, शिफारस करतो किंवा नाही करत, आणि तास. ४०० तास खेळून "शिफारस करत नाही" लिहिणारे महाभाग पण असतात पण निदान कळतं ना कोण बोलतंय. आणि ते भरायला कुणाला सांगावं लागत नाही. जे मशीनला माहीत आहे ते माणसाला कशाला विचारायचं? कधी घेतली, परत केली का, बदलून मागितली का, हे सगळं साइटकडे असतंच, छापायला काय जातं?

सातवी_ओळ

किती जणांनी परत केली हे छापायला बरंच काही जातं, ते विक्रेत्यांना विचारा 😄

अवांतर: ठरलेला फॉर्म नसला तरी ठरलेले नियम आहेत. आयएसओ २०४८८ हे २०१८ चं आंतरराष्ट्रीय मानक, आणि आपल्या भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० काढलं. दोन्हीत रिव्ह्यू गोळा कसे करायचे, तपासायचे कसे, छापायचे कसे हे आहे. ग्राहकाला नेमकं विचारायचं काय, तो भाग साइटवर सोडलाय.

शाईचा_डाग

बराच वेळ लिहू की नको करत होतो. लिहितो, आयडी नवीन आहे ते समजून घ्या.

कॉलेजात असताना पाच-सहा महिने मी पैसे घेऊन रिव्ह्यू लिहिलेत. कुणासाठी ते सांगत नाही. रोज एक शीट यायची, वस्तूचा फोटो, वापरायचे चार-पाच शब्द, आणि सूचना की दर तिसऱ्या रिव्ह्यूत एखादं स्पेलिंग चुकवा आणि सगळ्यांना पाच देऊ नका, मधूनमधून चार द्या. वस्तू हातात कधी आलीच नाही. तर फॉर्मवाल्या साइट आम्हाला सगळ्यात सोप्या जायच्या. सोय: ५, दर्जा: ५, दिसणं: ४, झालं, वाक्य जुळवायची कटकट नाही, तासाला दुप्पट निघायचे.

फक्त एका रकान्याला आम्ही अडायचो, "काय आवडलं नाही". तिथे काहीतरी लिहावंच लागायचं आणि वस्तू तर पाहिलेली नाही, खरी खोट कुठून आणणार. मग एक ठरीव वाक्य होतं, सगळ्या वस्तूंना चालायचं: "रंग फोटोपेक्षा थोडा गडद आहे." बॅग, बूट, दिवा, उशी, सगळ्यांचा रंग फोटोपेक्षा गडद. आता असलं काही वाचलं की पोटात गोळा येतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या रिव्ह्यूंवरचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला तेव्हा त्याबद्दल वाचत होतो, त्यात लिहिणारे, लिहून घेणारे सगळे येतात. तेव्हा आम्हाला तो जॉब वाटायचा.

मोजपट्टी

शाईचा_डाग, लिहिलंत ते फार बरं केलंत. खोट कुठून आणणार, हे वाक्य मी उचलणार आहे.

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

थांबा थांबा थांबा. वही उघडली.

दीडशेपैकी एकोणीस जणांनी लिहिलंय रंग फोटोपेक्षा गडद आहे.

मंडळी, खुर्ची काळी आहे. फक्त काळ्याच रंगात मिळते. काळ्यापेक्षा गडद म्हणजे नेमकं काय बघितलं यांनी??

निद्रानाश

मेलो 😂😂😂

काड्यापेटी

बरं बाबा, मी अर्धं पाऊल मागे घेतो. स्टारचे रकाने नकोतच, त्यावर ठाम. पण "काय खटकलं" ही एक सक्तीची चौकट मान्य, तिला आकडा नाही, शब्दांत लिहायचं. खोटारडा तिथे सापडतो आणि खरा माणूस तिथे खुलतो. आणि तुम्ही जी वही केलीत ना, तेच काम साइटने करावं, एकच वाक्य एकोणीसदा आलं तर कुठेतरी दिवा लागायला नको का?

अर्धी_विकेट

आणि ज्याला खरंच काही खटकलं नाही त्याने काय करायचं? माझे काही ग्राहक खरंच समाधानी आहेत हो, मोजके आहेत पण आहेत. सक्ती केलीत की तेही बिचारे शोधून शोधून लिहिणार "रंग गडद". मग त्यांना पण खोट्यात मोजणार तुम्ही.

पेपर_तपासनीस

हा मुद्दा वजनदार आहे. आमच्याकडे अगदी हेच होतं, उणिवांचा रकाना रिकामा सोडला तर नीट वाचलं नाही असं वाटेल म्हणून लोक काहीही भरतात, बरेचदा "अजून प्रयोग हवे होते". ते आमचं "रंग गडद".

मोजपट्टी

मग सक्ती नको, प्रश्न फिरवा. खटकलं का असं विचारू नका, "ही वस्तू कुणी घेऊ नये?" असं विचारा. समाधानी माणूसही उत्तर देतो, उलट जास्त चांगलं देतो, कारण त्याला वस्तू माहीत असते. सहा फुटांच्या वरच्यांनी घेऊ नये, रोज आठ तास बसणाऱ्यांनी घेऊ नये. आम्ही एकदा करून पाहिलंय, उत्तरं लहान येतात पण वाया जाणारं फार कमी. न वापरलेला माणूस इथेही ठोकून देईल म्हणा, पण बऱ्यापैकी घाम गाळावा लागेल त्याला.

शाईचा_डाग

आम्ही "लहान मुलांनी" लिहिलं असतं. प्रत्येक वस्तूला.

मोजपट्टी

🙏 हरले.

आळशी_बोका

मूळ मुद्दा राहिला. त्या दांड्याचं काय झालं? माझ्या खुर्चीचं पण असंच व्हायचं. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप घ्या, दांड्यापेक्षा किंचित मोठा, हव्या त्या उंचीएवढा तुकडा कापा, त्याला उभी चीर पाडा, खुर्ची पूर्ण वर करून दांड्यावर चापासारखा बसवा. आता खाली जायला जागाच नाही. चार वर्षं झाली.

काड्यापेटी

फॉर्म भरणार नाही म्हणणाऱ्या माणसाने अख्ख्या धाग्यातला एकमेव कामाचा रिव्ह्यू लिहिला.

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

बोकेराव, बसवला! पहिला तुकडा बोटभर लांब कापला गेला त्यामुळे पाय लोंबकळत होते, दुसरा बरोबर बसला. सकाळपासून एकाच उंचीवर आहे. उंची आता कमी-जास्त करता येत नाही, पण तशीही ती मी ठरवत नव्हतोच.

जाऊन माझा रिव्ह्यू बदलायला बसलो. साइटने तीन गोष्टींचे स्टार मागितले: मऊपणा, जोडायला सोपी, दिसायला कशी. दांड्याचा रकाना नाही. मोकळ्या चौकटीत सगळं लिहिलं, किती महिने, किती तास, वजन, पाइपाचा तुकडा किती, चीर कशी पाडायची. "सबमिट" दाबल्यावर लाल अक्षरांत आलं की कृपया तिन्ही स्टार भरा.

जोडायला सोपी मध्ये पाइपसकट धरू का पाइपशिवाय?